सहा फुटांचे पाते

३ नोव्हेंबर

प्रिय शालकास,

आपल्या दिवंगत भगिनीच्या यजमानाचा नमस्कार. आपले खुशालीचे पत्र मिळाले. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या पेन्सिलीने दुरुस्त करून पत्र जपून ठेवले आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. मांडीचे हाड सांधले असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत मी काठीशिवाय एकोणीस पावलांत जातो. चिरंजीवांचे घर अकराव्या मजल्यावर आहे. खिडक्या मोठ्या आहेत, परंतु वीतभरापेक्षा अधिक उघडत नाहीत. येथील रचनाच तशी आहे. सूनबाई सर्व वेळेवर करतात. मी येथे स्वखुशीने राहिलो आहे.

आता मुख्य मुद्दा. मी पडलेला सापडलो त्या दिवशी रुग्णवाहिका माझ्या घराच्या चढावर येऊ शकली नाही, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. आपण व अन्य तिघांनी मला न्हाणीघराच्या दारावर निजवून खाली उतरवले. त्या वेळी चिरंजीवांनी सर्वांसमक्ष शब्द दिला, "बाबा, ज्या दिवशी या रस्त्यानं दारापर्यंत गाडी जाईल, त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला घरी आणून सोडीन." माझे परतणे अशा रीतीने एका रस्त्यावर येऊन ठेपले आहे, आणि रस्ता दुरुस्त करणे मला येते.

चढाच्या त्या चारशे फुटांत खडी पुष्कळ आहे. पाण्याने ती कडेला नेऊन टाकली आहे, इतकेच. ती ओढून पुन्हा मधोमध बसवावयाची. त्याकरिता माझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे पाते हवे. दुकानात कोणकोणती मिळतात, रुंदी किती, तिरपी कितपत वळतात, ही चौकशी करून कळवावे.

मला व्यायाम शिकवावयास मंगळवारी व शुक्रवारी एक गृहस्थ येतात. हे पत्र ते पेटीत टाकतील. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठवावे. दूरध्वनी करू नये. येथील दूरध्वनी सर्वांना ऐकू येतो, मला सोडून.

आपल्या भगिनीचा यजमान


११ नोव्हेंबर

भाऊजी, पाया पडतो.

चुका सात नाहीत, आठ होत्या. एक मुद्दाम केली होती, सापडते का बघायला. म्हातारे झालात.

दुकानात जाऊन आलो. तुमच्यासारखं शुद्ध बोलायला गेलो आणि फसलो. म्हटलं, "ट्रॅक्टरचं मागचं पातं दाखवा." त्यानं पंख्याचं पातं आणून पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "अहो, ब्लेड!" तर म्हणतो, "दाढीचं सामान पलीकडच्या दुकानात." शेवटी दोन्ही हात मागे पसरून मी दुकानभर वाकून चाललो, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाला, "रिअर ब्लेड होय! मग सरळ मराठीत सांगायचं की!"

दोन आहेत. एक पाच फुटी, हलकं. एक सहा फुटी, चांगलं जाडजूड. दोन्हींना वर फिरणारी तबकडी आणि भोकं; खीळ काढायची, पातं हवं तेवढं तिरपं करायचं, खीळ घालायची. एक टोक खाली झुकवायचीही सोय आहे. दुकानदार म्हणाला, चोवीस घोड्यांच्या ट्रॅक्टरला पाच फुटीच घ्या. सहा फुटी लावलंत तर पुढची चाकं वर उचलतील आणि ट्रॅक्टर नाचेल.

पण मी म्हणतो, घाई काय आहे? हाड नुकतं बसलंय. रस्ता काही पळून जात नाही.

ट्रॅक्टर ठीक आहे, त्याची चिंता नको.

तुमचा,
ठोके
(हे नाव तुम्हाला आवडत नाही, पण वेल्डिंगच्या दुकानावर आता पाटीच तशी आहे.)


१५ नोव्हेंबर

प्रिय शालकास,

रस्ता पळून गेला आहे, म्हणूनच हा पत्रव्यवहार चालू आहे.

दुकानदाराचे म्हणणे मी तपासून पाहिले. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एका फुटास एक इंच या प्रमाणात दोन पाती तयार केली. (मी चौथी शिकलेलो आहे. भूमिती पाचवीत होती. त्यामुळे जे कळते ते कापून पाहावे लागते.) पाते सरळ ठेवले तर खडी केवळ पुढे साचते. आपणांस ती कडेहून आत आणावयाची आहे, म्हणजे पाते तिरपे करणे आलेच. आणि तिरपे केले की ते आखूड होते. पाच फुटी पाते पुरेसे तिरपे केले असता त्याखाली जेमतेम चार फूट चार इंच जमीन येते. चाके त्याहून बाहेर असतील तर त्यांचे चर तसेच मागे उरतील आणि पाण्याला तेवढी वाट पुरे. नवे काम जुन्याच रोगाने मरेल.

तेव्हा पात्याची रुंदी ट्रॅक्टरची शक्ती पाहून नव्हे, चाकांची रुंदी पाहून ठरवावी. शक्ती कमी पडली तर थर पातळ घेता येतो. रुंदी कमी पडली तर त्यास उपाय नाही.

मागच्या चाकांची रुंदी, डाव्या टायरच्या बाहेरील कडेपासून उजव्याच्या बाहेरील कडेपर्यंत, टेपने मोजून कळवावी. अंदाज नको.

सूनबाईंनी पुठ्ठ्याची पाती पाहिली व चिरंजीवांस हळू आवाजात काही सांगितले. चिरंजीव मला म्हणाले, "बाबा, छान आहे, काहीतरी करत राहा." मी काहीतरी करीत नाही आहे.

भगिनीचा यजमान


२४ नोव्हेंबर

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. दुकानात शटरांची कामं आली होती.

रुंदी मोजली. बरोब्बर चार फूट. म्हणजे तुमच्याच पुठ्ठ्याप्रमाणे पाच फुटी झकास बसतं, वर चार इंच शिल्लक. दुकानदार जिंकला. पण सध्या त्याच्याकडे माल संपलाय, महिना-दीड महिना लागेल म्हणाला. तोवर तुम्ही व्यायाम करा. सूनबाईच्या हातचं खा. एकोणीसच्या जागी पंधरा पावलांत स्वयंपाकघर गाठून दाखवा.

तुमचा ठोके


२८ नोव्हेंबर

प्रिय शालकास,

चार फूट हे माप ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात सहाव्या पानावर छापलेले आहे.

गेल्या वर्षी चढावर ट्रॅक्टर एका अंगाने उचलला गेला होता. त्यानंतर मी मागची दोन्ही चाके काढली व डावे उजवीकडे, उजवे डावीकडे असे उलटे बसवले. तसे केल्याने चाके बाहेर सरकतात व बैठक रुंद होते. जॅक लावून हे मी एकट्याने केले. माझे वय पाहता ही गोष्ट कोणास सांगण्यासारखी नव्हती, म्हणून सांगितली नाही. तेव्हापासून त्या ट्रॅक्टरची रुंदी चार फूट नाही.

आपण टेप लावला असता तर हे आपणांस दिसले असते. टेप लावला नाही, याचा अर्थ मी आळस असा करीत नाही. आपण आळशी कधीच नव्हता. मग एकच अर्थ उरतो. टेप लावावयास तेथे काही नव्हते.

ट्रॅक्टर कोठे आहे?


६ डिसेंबर

भाऊजी,

चपलेनं मारा मला, पण आधी ऐका.

तुम्हाला खाली आणलं त्याच पंधरवड्यात भाच्यानं ट्रॅक्टर विकला. ओढ्यापलीकडच्या रोपवाटिकावाल्याला. माझ्या दुकानात येऊन तो माझा हात धरून म्हणाला, "मामा, ट्रॅक्टर आहे तोवर त्यांचं मन तिथंच राहणार. तो गेला की हळूहळू सवय होईल. तुम्ही काही बोलू नका." मी म्हटलं, बरं. भाऊजी, तो रडत होता हो. दोन रात्री तुम्ही घरात एकटे त्या फरशीवर पडून होतात आणि त्याला पत्ता नव्हता, हे त्याच्या छातीत बसलंय. ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी शटर खाली ओढून आत बसलो.

तुमचं पत्र आलं आणि उठून टेप घेऊन गेलो. रोपवाटिकावाला म्हणतो, "काय मापताय? त्याला सदरा शिवायचाय का?" चार फूट आठ इंच भरली. तो म्हणाला, "ही चाकं उलटी कुणी बसवली? उतारावर असा धरून बसतो, खेकड्यासारखा. शाबास त्याची!" मी म्हटलं, आमच्या भाऊजींनी. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण एक विचारतो, राग मानू नका. तिथं तुम्हाला कमी काय आहे? लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे, पोरगा समोर आहे. इथं वर एकटं काय करणार आहात?

ठोके


२ जानेवारी

प्रिय शालकास,

आपल्या प्रश्नास उत्तर देण्यास पंचवीस दिवस लागले. कारण सांगतो.

आपले पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पिशवी व काठी घेऊन निघालो. ट्रॅक्टर परत मागावा, असा माझा विचार होता. बसस्थानकावर मी एकटा व विनासायास पोहोचलो. खिडकीतील बाईंनी "आजोबा, कुठलं तिकीट?" असे विचारले. त्या क्षणी मला आपल्या गावाचे नाव आठवले नाही. मागे रांग होती, लोक बोलत होते. मी त्यांस चढ सांगितला, ओढा सांगितला, आपले वेल्डिंगचे दुकान सांगितले. त्यांनी मला बाकावर बसवून पाणी दिले व पोलिसांस बोलावले.

आता दारास आकड्यांचे कुलूप आहे. चार आकडे दाबले की ते उघडते. आकडे मला सांगितलेले नाहीत. चिरंजीव पाठमोरे उभे राहून दाबतात, व मीही दुसरीकडे पाहतो. कारण त्यांच्या हाताकडे चोरून पाहणे मला शोभत नाही.

कमी काय आहे, असे आपण विचारलेत. दार उघडून बाहेर जाता येणे, एवढेच कमी आहे.

ट्रॅक्टर विकला त्याबद्दल मी चिरंजीवांशी एक शब्द बोललो नाही. फक्त विचारले, "रस्त्याचा शब्द कायम आहे का?" ते म्हणाले, "हो बाबा, कायम आहे." सूनबाई साक्षीस होत्या.

तेव्हा रोपवाटिकावाल्यांकडून ट्रॅक्टर तीन दिवसांकरिता मागून घ्यावा. पाते सहा फुटीच. पूर्ण तिरपे करूनही त्याखाली पाच फूट दोन इंच येतात. चाके झाकून दोन्हीकडे तीन-तीन इंच उरतात. पुढची चाके उचलू नयेत म्हणून नाकाडावर वाळूची पोती बांधावी. एका वेळी दोन बोटांहून अधिक खोल घेऊ नये. रस्ता मधोमध उंच व दोन्ही कडांस उतरता ठेवावा. डोक्यावर भांग पाडावा तसा, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटले जाते.

आपण पूर्वी खोटे बोललात, त्याची मी नोंद ठेवलेली नाही.

भगिनीचा यजमान


२९ जानेवारी

भाऊजी!!

झाला. तुमचा रस्ता झाला.

दुकानदार सहा फुटी द्यायला तयार नव्हता. "नाचेल, सांगून ठेवतो." म्हटलं, नाचला तर तुला बघायला बोलावतो. रोपवाटिकावाल्यानं ट्रॅक्टर दिला, बदल्यात त्याच्या फाटकासमोरची वाट सपाट करून दिली. पहिल्या दिवशी मी हावरटासारखं चार बोटं खोल घातलं आणि ट्रॅक्टर खरंच दोन पायांवर उभा राहिला. दोन पोती आणखी बांधली, तुमची दोन बोटं पाळली. मग बघा काय सुरू झालं ते! कडेची खडी अशी सळसळत आत यायला लागली, जसं काही तिला घरी बोलावलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी भांग पडला. वर नऊ बादल्या पाणी ओतून पाहिलं. निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे. एक थेंब मधून गेला नाही.

माझा टेम्पो लोखंडानं भरून दारापर्यंत नेला. दुसऱ्या गिअरमध्ये! चाक एकदाही जागेवर फिरलं नाही. दुकानदार येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "तुमचे भाऊजी काय शिकलेत?" म्हटलं, चौथी.

भाच्याला मोबाइलवर फोटो पाठवलेत. वरून, खालून, टेम्पोसकट. आता त्याला बोलायला जागाच नाही. पिशवी भरून ठेवा.

तुमचाच ठोके


१० फेब्रुवारी

प्रिय शालकास,

आपले काम मी चित्रांत पाहिले. दुसऱ्या वळणावर डावी कड किंचित जाड राहिली आहे, बाकी निर्दोष.

चिरंजीवांनीही चित्रे पाहिली. नंतरच्या रविवारी एक जोडपे येथे आले. मला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवण्यात आले. ते गृहस्थ म्हणाले, "काका, रस्ता काय सुरेख केलाय! मागे आम्ही घर बघायला गेलो होतो, गाडीच वर चढेना, म्हणून नाही म्हणालो होतो. आता प्रश्नच मिटला." बाई म्हणाल्या की रस्ता करणाऱ्याचा पत्ता हवा आहे. मी पाणी पिऊन उत्तर टाळले. माझ्या कामाची एवढी स्तुती माझ्यासमोर कोणी कधी केली नव्हती.

ती मंडळी गेल्यावर मी चिरंजीवांस त्यांच्या शब्दाची आठवण दिली. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "बाबा, रस्ता होणार नाही असं मला वाटलं होतं, म्हणून हो म्हणालो. तुम्हाला आपल्या गावाचं नाव आठवलं नव्हतं, बाबा. मी तुम्हाला तिथं कसा सोडू?"

नाव मला पोलीस ठाण्याच्या पायरीवर आठवले होते. परंतु तोवर कोणी विचारीत नव्हते.

चढावरचे घर चिरंजीवांच्या नावावर आहे. मीच करून दिले, चांगल्या अक्षरात सही करून. ही मंडळी २२ तारखेस घराचा सौदा पक्का करावयास वर येणार आहेत. गाडी वर जाते, म्हणून येणार आहेत.

तेव्हा माझे शेवटचे काम सांगतो. पाते पूर्ण तिरपे करावे. ओढ्याकडील टोक जेवढे झुकेल तेवढे खाली झुकवावे. पोती दुप्पट करावी. पहिल्या वळणावर रस्ता आडवा कापावा, कमरेइतका खोल. एकदा ओढून, उचलून, मागे येऊन पुन्हा ओढावे. माती नरम आहे, पंधरा-वीस फेऱ्यांत होईल. तसाच दुसरा चर दुसऱ्या वळणावर. काम नेहमीप्रमाणे खालून वर करीत जावे. आडव्या चरांतून पाणी शिरले की उरलेले काम ते स्वतः करील.

गाडी वर जाणार नाही, म्हणजे मलाही कोणी वर आणणार नाही, हे मला समजते. याचा विचार मी करून झालेला आहे. मी तेथे नसलो तरी ते घर माझ्या माहितीच्या जागी असावे. आपण हळहळू नये, व चिरंजीवांस दोष देऊ नये. ते खोटे बोलले, परंतु जमिनीवर बसून बोलले.

भगिनीचा यजमान


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र वाचून मी ते फाडून टाकणार होतो. तीन दिवस गल्ल्यात ठेवलं. काल सकाळी रोपवाटिकावाल्याकडे जाऊन म्हटलं, रस्त्याचं थोडं काम राहिलंय. त्यानं किल्ली दिली.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. पहिल्या वळणाला सतरा फेऱ्या लागल्या. दोन्ही हातांनी सुकाणू धरून मी तुम्हाला शिव्या घालत होतो, मोठ्यानं. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून बऱ्यापैकी चांगल्या घातल्या. दुसऱ्या वळणाला कडच ढासळली, त्यामुळं चर मापापेक्षा मोठा झाला. त्यात आता माणूस उभा राहिला तर फक्त टोपी दिसेल.

ते नवराबायको एक दिवस आधीच आले, आज सकाळी. पहिल्या चरापाशी गाडी थांबली. बाई उतरल्या, खाली वाकून बघितलं, परत आत बसल्या. अर्ध्या तासात भाच्याचा फोन. "मामा, रस्त्याला काय झालं?" म्हटलं, खचला. "कशानं?" म्हटलं, पाण्यानं. "पाऊस कुठे आहे, मामा?" म्हटलं, तेच तर मलाही कळत नाही. मग त्यानं विचारलं, "बाबांनी सांगितलं का?" भाऊजी, मी एकदा खोटं बोललोय, दुसऱ्यांदा जमलं नाही. म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. रागावला होता की काय, मला ओळखता आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भाकरी गोड लागणार नाही.

तुम्ही लिहिलंत, खालून वर करीत जावे. मीही खालून वर करीत गेलो. दुसरा चर पुरा झाला, मी पातं उचललं, घाम पुसला, घरी जावं म्हणून ट्रॅक्टर वळवला आणि समोर बघतो तर रस्ता कुठाय! दोन्ही चर माझ्या खाली, मी आणि ट्रॅक्टर वर. तसाच पाच मिनिटं बसून राहिलो आणि मग एवढा हसलो की पोट धरावं लागलं. इतकी वर्षं तुम्ही काम संपवून वरच जात होतात. लिहिताना तुमच्या डोक्यात आलंच नाही आणि वाचताना माझ्याही आलं नाही, की आता काम करणाऱ्याला खाली जायचं असतं.

मी चरांतून उतरून, गुडघे फोडून घेऊन चालत आलो. रोपवाटिकावाला चराच्या अलीकडे उभा राहून ओरडतोय, "माझा ट्रॅक्टर!" म्हटलं, हा काय, वर आहे, सुखरूप आहे. म्हणाला, "खाली कसा आणायचा?" म्हटलं, ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते अकराव्या मजल्यावर आहेत. तो म्हणाला, "मग त्यांच्या मुलाचा नंबर द्या." दिलाय.

ट्रॅक्टर तुमच्या अंगणात उभा आहे, तोंड दाराकडे करून. तो खाली कसा उतरवायचा ते सुचलं तर लिहा. कागदावर समजण्यासारखं नसेल, तर तसंही लिहा.

ठोके